दाजींचा डबलरोटीचा चिमटा

दाजी, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी तुमचं नाव घेतो. काशिनाथअप्पा, सेलू, कापडाचं दुकान. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. पालमच्या शाळेतून मॅट्रिक होऊन आलेल्या मेव्हण्याला "इथं राहा आन् शिक" एवढंच म्हणून तुम्ही घरात ठेवून घेतलंत, आणि बी.ए. होईपर्यंत एकदाही ते बोलून दाखवलं नाहीत. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्या पदवीवर नोकरी लागली, औरंगाबादला पाटबंधारे खात्यात टेबल-खुर्ची मिळाली. हे सगळं तुमच्या तोंडावर म्हणायला लागलो की तुम्ही विषय बदलायचात. आता बदलता येणार नाही.

पण खरं सांगतो, आभार मानायला म्हणून बसलो आणि हात रागानंच चालतोय.

तुम्हाला माती देऊन अजून महिना झालेला नाही. काल सेलूला आलो होतो. स्वयंपाकघरात पाव भाजायचा तो चिमटा खिळ्याला टांगलेलाच आहे. दोन चौकोनी पानं, मध्ये बिजागरी, हातभर लांब दांडे, दांड्यांना लाकडी मुठी, बाहेरच्या बाजूनं स्टोव्हची काजळी. अक्काने त्याच्यावर जुनं फडकं टाकलंय. देव झाकावा तसं नाही, दाजी. नजरेसमोर नको म्हणून झाकलंय.

तो घेतला तेव्हा मी तुमच्याबरोबर होतो. मालाच्या खरेदीला तुम्ही हैदराबादला जायचात, त्या खेपेला गठ्ठे उचलायला मला नेलं होतंत. सिकंदराबाद स्टेशनसमोरच्या हॉटेलात तुम्ही पहिल्यांदा भाजलेलं सँडविच खाल्लंत. खाण्याआधी तुम्ही, कपाळाला भस्म लावलेला माणूस, हॉटेलच्या पोऱ्याला पुन्हा पुन्हा विचारताय, "अंडा नइं ना?" आणि तो वैतागून म्हणतोय, "आलू है आलू!" पहिला घास घेतलात आणि गप्प झालात. तुम्ही गप्प झालात की काहीतरी खरेदी होणार, हे मला तोवर कळलं होतं.

भांड्यांच्या दुकानात दोन प्रकार होते. एक बाहेरदेशातून आलेलं बिजलीचं आणि एक हा हातातला. दुकानदार म्हणाला, "बिजली का लेके जाओ सेठ. बटन दबाओ, हो गया." तुम्ही म्हणालात, "हमारे सेलू में बटन हइ, बिजली नइं." सगळं दुकान हसलं. मग तुम्ही हातातले चिमटे बघायला लागलात, ठाणातला कपडा बघावा तसे. एकेक मिटून उजेडाकडे धरायचात. कडेनं फट दिसली की बाजूला. काळ्या मुठीचा नको, स्टोव्हवर वितळतो. शंख-शिंपल्याची नक्षी असलेला नको, नक्षीत बटाटा अडकतो. बिजागरी निघते का ते बघितलंत, कारण पानं वेगळी झाली तरच नीट घासता येतील. मी कंटाळून दारात उभा. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक किती वेळ लावतं यावर तुम्ही जे जे बोलायचात, ते सगळं तुम्हालाच लागू पडत होतं.

घरी आल्यावर अक्काने पिशवीतून आधी डबलरोटी काढली आणि तिचा चेहराच उतरला.

"माय! कोण आजारी हाय?"

तिचं काय चुकलं? आपल्याकडे पाव घरात येतो तो आजाऱ्याच्या उशाशीच. ताप आला की पाव आणि चहा. दवाखान्यात कोणाला भेटायला निघालो की पाव आणि बिस्किटाचा पुडा. धडधाकट माणूस भाकरी खातो, आणि भाकरी सुटली की समजायचं, माणूस पडला. हे तुम्हालाही ठाऊक होतंच.

"कोणी आजारी न्हाई," तुम्ही म्हणालात. "म्हणूनच आणलाय. आजारी पडल्यावर तर सगळेच खातेत."

"शुभ बोला की जरा. पाव भाजायचं यंतर घरात टांगायचं म्हणजे दुखण्याला आवतणच."

"अगं, छत्री घेतली म्हणून पाऊस पडतोय का?"

तो वाद तुम्ही दोघांनी दहा वर्षं घातलात. आज अक्का म्हणते, "बघ, मी म्हणलं होतं." मला तिचं म्हणणं पटत नाही. पण तिला काय उत्तर देऊ तेही तुम्ही सांगून गेला नाहीत.

रोज संध्याकाळी दुकान बंद करून, हातपाय धुऊन, लिंगपूजा झाली की तुम्ही स्टोव्हपुढे बसायचात. पावाला बाहेरच्या अंगानं तूप. आत उकडलेला बटाटा, दाण्याचा कूट, हिरवी मिरची. चिमटा मिटायचा, कडेनं बाहेर आलेला पाव सुरीनं कापायचा. त्या कडा तुमच्या लेकीच्या, छोट्या मंगलच्या. स्टोव्ह मंद. एक अंग, मग दुसरं. मी सांगून सांगून थकलो, "दाजी, सारखं उघडू नका, वाफ जाती." पण तुम्हाला दम निघेल तर ना! क्षणाक्षणाला चिमटा उघडून बघायचं, करपला का, लाल झाला का. शेवटी हमखास करपायचा, आणि तुम्ही तो कडक, काळा पाव कुरुमकुरुम खात म्हणायचात, "असाच चांगला लागतोय." तो कुरुमकुरुम आवाज पार ओसरीवर माझ्या पुस्तकापर्यंत यायचा.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्या वर्षी कॉलेज बंद, बाजार बंद, एस.टी. बंद. खेड्यांतल्या वस्त्या जाळल्याच्या बातम्या कानावर यायच्या आणि ओसरीवर कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. बेकरीही बंद. तुम्ही चिमट्यात शिळी भाकरी घातलीत, मध्ये ठेचा. उघडला तेव्हा भाकरीचा भुगा. मी इतक्या दिवसांनी हसलो. तुम्ही तो भुगा ताटलीत झाडलात, त्यावर तेल घातलंत आणि म्हणालात, "मेव्हणे, कॉलेज चालू होईल. वह्या उघडत जा." माझी वही त्या दिवसांत बंद होती हे तुमच्या नजरेतून सुटलं नव्हतं. बघा, दुसऱ्याचं तुम्हाला सगळं दिसायचं.

गल्लीचं मात्र तोंड बंद होत नव्हतं. रोज पाव नेताना दिसलात की कोणीतरी विचारणारच, "काय अप्पा, कोण आजारी हाय घरी?" बेकरीवाले चाचा सुद्धा पुडा बांधता बांधता, "अप्पा, बीमार की तबियत कैसी है?" तुम्ही रोज नवं उत्तर द्यायचात. "मीच. मला पावाचाच आजार हाय." "आमचा मेव्हणा. त्याला परीक्षेचा ताप." मला लाज वाटायची. तुम्हाला मजा वाटायची. हळूहळू लोक सरावले. मी नोकरीला गेलो, मंगल लग्नाची झाली, तोवर गल्लीत कोणी विचारायचं राहिलं नव्हतं.

विचारलं ते वालूरच्या पाहुण्यांनी.

मंगलचं वालूरला जमत आलं होतं. घर चांगलं, आपल्यातलंच, शेती आणि धान्याचा व्यापार. मुलाचे आजोबा शंकरअप्पा बाजारच्या दिवशी सेलूला आले आणि सहज बेकरीत टेकले. तिथं कोणीतरी बोललं, काशिनाथअप्पाकडं रोज पाव जातो, कैक वर्षं झाली. म्हाताऱ्याचं डोकं भलतीकडं गेलं. पोरीला काहीतरी जुनं दुखणं असणार, ते लपवून लग्न उरकायला निघालेत. थेट तुमच्या दुकानात येऊन गादीवर बसले आणि म्हणाले, "अप्पा, सोयरीक म्हणल्यावर उघड बोलावं. पोरीला काय हाय?"

दुसरं कोणी असतं तर त्यानं पाव बंद केला असता, डॉक्टरचा दाखला आणला असता. तुम्ही सगळ्या वालूरला चिमट्यातला पाव खायला बोलावलंत. मी त्यासाठी रजा घेऊन आलो होतो, तर अक्का माझ्यावरच ओरडली. "सांग की तुझ्या दाजीला! सोयऱ्यांच्या ताटात पाव वाढणार का? नाक कापून हातात द्यायलेत माझं!"

मी तुम्हाला सांगितलंही. तुम्ही म्हणालात, "मेव्हणे, तुमी फक्त ठेचा जरा जोरात कुटा."

ओसरीवर सतरंजी, वालूरची मंडळी रांगेत, आणि तुम्ही स्टोव्ह मधोमध मांडून बसलेले. मंगल पाव देत होती, तुम्ही चिमटा फिरवत होतात. आत बटाटा थोडा आणि ठेचाच जास्त. शंकरअप्पांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, पगडी काढून बाजूला ठेवली.

"पाणी... अगं पोरी, पाणी आण!"

मंगल तांब्या घेऊन पळतच आली, आणि तिनं स्वतः त्यातलंच एक सँडविच उभ्या उभ्या खाऊन टाकलं. म्हातारा तिच्याकडं बघतच राहिला.

"हे खाऊन आजारी माणूस जगायचा न्हाई," शंकरअप्पा म्हणाले, "आन् जगला तर आजारी ऱ्हायचा न्हाई. धरा सुपारी."

सगळे हसले. आणि त्या हसण्यात तुम्ही चिमटा खाली ठेवून, हात जोडून म्हणालात, "सोयरे, शब्द देतो. माझ्या घरात कोणी आजारी न्हाई. आमी पाव हौसेनं खातो."

दाजी, त्या वाक्यापाशी मी रोज येऊन थांबतो. तुम्ही ते बोललात तेव्हा तुम्हाला माहीत होतं का? घास अडकायला सुरुवात झाली होती का? मी त्या दिवसाचं सगळं आठवून बघतो. तुम्ही सगळ्यांना करून घातलंत. स्वतः खाल्लंत का, ते काही केल्या आठवत नाही. अक्कालाही आठवत नाही.

नंतरचं मात्र आठवतं, आणि ते आठवून चीड येते. सुपारी फुटली, लग्न वैशाखात धरलं. मधल्या महिन्यांत मी आलो तेव्हा तुम्ही पावाच्या कडा काढून, चहात भिजवून खात होतात. भाकरी ताटात असायची आणि तशीच गाईला जायची. अक्का म्हणायची, "ह्यांच्या तोंडाला पावाची चटकच लागली. दोन्ही टायम पाव." आम्ही हसायचो. दुसऱ्या कोणाच्याही घरात माणूस भाकरी सोडून पावावर आला असता तर चार दिवसांत अख्ख्या आळीनं त्याला डॉक्टरकडं ढकलत नेलं असतं. आपल्या घरात कोणाच्या मनातही आलं नाही. इतकी वर्षं खपून तुम्ही लोकांना पटवलं होतंत ना, की पाव म्हणजे दुखणं नव्हे! पटलं होतं सगळ्यांना. मलाही पटलं होतं.

लग्नाच्या दिवशी तुम्ही काही खाल्लं नाहीत. त्याचंही कोणाला काही वाटलं नाही. मुलीचा बाप अक्षता पडेपर्यंत खात नाही, आणि नंतर सगळ्या पंगती उठल्याशिवाय बसत नाही. शेवटच्या पंगतीला तुम्ही वाढत होतात. शंकरअप्पांना आग्रह करकरून बुंदी घालत होतात. किती बारीक झाला होतात! मला वाटलं, धावपळ.

मंगलला पोचवून आल्यावर मग तुम्ही मला दुकानातून फोन लावलात. "मेव्हणे, पाणीबी अडकायलंय." एवढं सांगायला तुम्ही लग्न होऊन जायची वाट बघितलीत.

इथं औरंगाबादला दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून त्रास आहे? तुम्ही म्हणालात, "असंल थोडं." मग त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की अन्ननलिकेचं आहे आणि फार पुढं गेलंय, आधी आला असता तर काही करता आलं असतं. त्यानंतर मी वॉर्डात येऊन तुमच्यावर ओरडलो. आजूबाजूचे पेशंट बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्यावर आवाज चढवला, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पाव करपतोय का म्हणून क्षणाक्षणाला चिमटा उघडून बघणारा माणूस! स्वतःच्या गळ्याशी काय चाललंय ते एकदा उघडून दाखवायला काय झालं होतं? लग्न मोडलं असतं? नसतं मोडलं! शंकरअप्पाच तुम्हाला बैलगाडीत घालून इथवर घेऊन आले असते.

"शब्द दिला होता," तुम्ही म्हणालात.

"शब्द पोरीबद्दल होता, दाजी!"

"घराबद्दल होता. मी घरातच ऱ्हातो की."

मी बी.ए. झालो, पण तुमच्या असल्या बोलण्याला उत्तर द्यायला मला कोणी शिकवलं नाही.

मग भेटायला माणसं यायला लागली. सेलूची गल्ली, पालमची आमची मंडळी, दुकानाची गिऱ्हाइकं. येताना प्रत्येकाच्या हातात पाव आणि बिस्किटाचा पुडा. तुम्हाला पाण्याचा चमचा उतरत नव्हता, आणि उशाजवळच्या लोखंडी कपाटावर डबलरोट्यांची चळत. शंकरअप्पा वालूरहून देवगाव फाट्याला गाडी बदलून आले, त्यांनीही पावच आणला. तुमचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "अप्पा, आता तरी म्हणा, आजारी हाय म्हणून."

तुम्ही त्या चळतीकडं बघितलंत आणि हसलात. सगळे गेल्यावर, मी पाव आवरत असताना, घशातल्या घशात बोललात. ते मी शब्दाला शब्द सांगू शकतो.

"मजाच हाय बघा, मेव्हणे. इतकी वरसं सगळी दुनिया इचारायली, कोण आजारी हाय, कोण आजारी हाय. आन् जवा मी आजारी पडलो, तवा एकानंबी इचारलं न्हाई."

पुढं खोकला आला. सिस्टर आली, तिनं मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवसापासून तुमचा आवाज गेला आणि मग तुम्हीच गेलात. माझं उत्तर तोंडातच राहिलं. मला म्हणायचं होतं, खोटं बोलू नका दाजी, मी विचारलं होतं! तुमचं पत्र आलं होतं, "आपला चिमटा पाव लय कडक करायलाय, आत मऊ ऱ्हाईल असं बिजलीचं यंतर तिकडं मिळतंय का बघा." त्याला मी उत्तर पाठवलं होतं, आणि त्यात विचारलं होतं. तुमचं उलट कार्डही आलं, "इकडे सगळे ठणठणीत. यंत्र लग्नानंतर बघू. चार दिवस आधी या."

काल अक्काला म्हटलं, दुकानातली पत्रं बघू दे. तुम्ही आलेलं पत्र तारेत ओवून ठेवायचात, माझंही तिथंच होतं, मधोमध तारेचं भोक पडलेलं. ते काढून घेतलं. आपला वाद अर्धा राहिलाय, तो मी असा सोडणार नाही. ते पत्र खाली जसंच्या तसं उतरवून देतो. मी विचारलं होतं की नाही, तुम्हीच बघा.

औरंगाबाद

तीर्थरूप दाजी यांना शिवराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. मंगलच्या लग्नाची तयारी ऐकून आनंद झाला. रजेचा अर्ज दिला आहे.

यंत्राची चौकशी गुलमंडीवर केली. दोन प्रकार आहेत. पहिल्यात साचे खोलगट आहेत, मिटलं की पाव मधून तिरका कापला जातो आणि कडा चिकटून बंद होतात. दिसायला सुंदर, पण कडा फार कडक होतात, म्हणून तुमच्या कामाचं नाही. दुसऱ्याच्या पट्ट्या सपाट आहेत आणि वरची पट्टी सैल बिजागरीवर नुसती टेकते, दाबत नाही. त्यात पाव आतून मऊ राहील. आतून काळा लेप आहे, काही चिकटत नाही, मात्र उलथन्यानं खरवडायचं नाही, हे अक्काला सांगावं लागेल. तापलं की लाल दिवा विझतो. तुम्हाला मऊ हवा असेल तर लगेच काढा. आणि मध्ये उघडून बघू नका! वायर आखूड आहे, बटनाजवळ पाट मांडून बसावं लागेल. सेलूच्या विजेचा भरवसा नाही, तेव्हा जुना चिमटा टाकू नका. तुम्ही म्हणाल तर दुसऱ्या प्रकारचं लग्नाला येताना घेऊन येतो.

एक नवल वाटलं. जन्मभर तुम्हाला करपलेला, कडक पाव आवडला, आणि आता एकदम मऊ. सासरा व्हायच्या आधीच म्हातारे झालात म्हणायचं.

इकडे सर्व खुशाल. तिकडची खुशाली कळवावी.

आपला मेव्हणा,
शिवराज

ता. क. अक्काने मंगलकडून लिहून कळवलंय की तुम्ही हल्ली दोन्ही वेळा पावच खाता. काय दाजी, कोण आजारी हाय घरी?